काळ्या रानातले गाव : कडगंची आणि तेथील माणसांची गणती

कलबुर्गीहून आळंदकडे जाणारा रस्ता शहर मागे टाकतो आणि दोन्ही बाजूंना सपाट काळे रान पसरत जाते. डोंगर नाही, घनदाट अरण्य नाही, नजर अडेल असे काही नाही. पावसाळ्यात हिरवे, मार्गशीर्ष-पौषात तुरीच्या वाळत्या शेंगांनी पिवळट करडे आणि चैत्रात भेगाळलेले असे हे पठार आहे. या रस्त्यावर २०-२५ किलोमीटरांवर कडगंची हे गाव लागते. आज बाहेरगावचे लोक ते केंद्रीय विद्यापीठाचे गाव म्हणून ओळखतात. दत्तभक्तांच्या लेखी ते सायंदेवांचे गाव आहे. कलबुर्गी परिसरात वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या आपणांपैकी अनेकांना मात्र ते केसपेपरवरील 'पत्ता' या रकान्यात वारंवार येणारे एक नाव म्हणून परिचित आहे.

बालरोगतज्ज्ञाचा व्यवसाय असा आहे की त्याच्यासमोर गाव कधी एकट्याने येत नाही. लेकराबरोबर आई येते, आईबरोबर अव्वा येते, बाहेर बाकावर अज्जा बसलेले असतात. औषध लिहून होईपर्यंत घरातील तीन पिढ्यांची विचारपूस झालेली असते. अशा विचारपुशीतून गेली अनेक वर्षे कडगंची आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांची थोडी ओळख मला होत गेली आणि एक प्रश्न मनात घर करून राहिला. एखाद्या लहान गावाची लोकसंख्या म्हणजे नेमके काय? सरकारी पुस्तकात छापलेला आकडा, की रात्री त्या गावात चूल पेटवणारी माणसे, की जगाच्या पाठीवर कोठेही असली तरी त्या गावाला आपले म्हणणारी माणसे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडा मागोवा घेण्याचा विचार आहे. विषय इतिहासाचा वाटला तरी त्याचा संबंध आपल्या दवाखान्याशी फार जवळचा आहे, हे पुढे दिसून येईल.

मातीने घडविलेले गाव

भूगोलाच्या पुस्तकात आपण उत्तर अमेरिकेतील प्रेअरीविषयी वाचलेले असते : क्षितिजापर्यंत गवताची सपाट भूमी, पुढे नांगराखाली आलेली आणि गव्हाचे कोठार बनलेली. दख्खनच्या काळ्या मातीचे हे पठार आणि ती प्रेअरी यांचे हवामान वेगळे, पिके वेगळी. परंतु मोकळ्या सपाट भूमीवर माणसाने विखुरलेली लहान लहान गावे वसवावीत आणि त्यांचे नशीब एखाद्या-दुसऱ्या पिकाशी बांधले जावे, हा प्रकार दोन्हीकडे सारखाच आहे.

आपल्याकडील काळी माती ओल धरून ठेवते. म्हणूनच पाऊस बेताचा असूनही परतीच्या पावसानंतर पेरलेली शाळू ज्वारी केवळ जमिनीतील ओलीवर उभी राहते. तूर मृगाच्या आसपास पेरली जाते आणि पुष्य-माघापर्यंत तिची रास होते. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तूर, ज्वारी, हरभरा आणि करडई या चार नावांत या गावांचे अर्थकारण जवळजवळ सामावते. आम्हा डॉक्टरांच्या कामाचे वेळापत्रकही त्यांवरच चालते. जी शस्त्रक्रिया किंवा तपासणी थांबू शकते, ती 'रास झाल्यावर करू' असे सांगितले जाते आणि पाऊस फसलेल्या वर्षी ती पुढच्या राशीवर जाते.

तालुक्यातील अमरजा ही छोटी नदी गाणगापूरजवळ भीमेला मिळते. हा संगम दत्तसंप्रदायातील तीर्थ होय. कडगंचीचे नाव इतिहासाच्या पानावर आले, ते या तीर्थाच्या सान्निध्यामुळेच.

पोथीत नोंदलेले घराणे

श्रीगुरुचरित्र हा सोळाव्या शतकातील मानला जाणारा मराठी ओवीबद्ध ग्रंथ. त्याचे कर्ते सरस्वती गंगाधर हे साखरे घराण्यातील, आणि या घराण्याचे मूळपुरुष सायंदेव हे कडगंचीचे, अशी परंपरा आहे. नृसिंहसरस्वती विदर्भातील कारंजा येथे जन्मले, औदुंबर, नरसोबाची वाडी असे करीत गाणगापुरास आले आणि तेथे त्यांचे दीर्घ वास्तव्य झाले. सायंदेव हे त्यांचे गृहस्थाश्रमी शिष्य. यवन राजाच्या चाकरीत असलेला, त्याच्या कोपाच्या भीतीने ग्रासलेला आणि तरीही प्रपंच न सोडणारा असा हा शिष्य होता. बहमनी राजवटीतील सामान्य कारकुनी गृहस्थाच्या जीवनाचे इतके जिवंत चित्र त्या काळातील मराठीत क्वचितच आढळते.

सायंदेवांच्या कथेत एक प्रसंग आहे, जो कोणाही वैद्याने वाचावा. पोटशूळाने गांजलेला एक ब्राह्मण जीव द्यायला नदीकडे निघालेला असतो. अन्न घेतले की वेदना उठते, म्हणून तो पंधरवड्या-महिन्यातून एखाद्या वेळीच जेवतो. गुरू त्याला थांबवतात आणि सायंदेवांना त्यास पोटभर जेवू घालण्याची आज्ञा करतात. सायंदेव घाबरतात. हा जेवला आणि मेला, तर दोष माझ्या माथी येईल, असे त्यांना वाटते. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी उपचार करणाऱ्याच्या हातातील ही धास्ती आपणां सर्वांच्या ओळखीची आहे. शेवटी रुग्ण जेवतो आणि बरा होतो.

लोकसंख्येच्या दृष्टीने या ग्रंथाचे महत्त्व आणखी एका गोष्टीत आहे. ग्रंथकर्त्याने आरंभीच आपली वंशावळ दिली आहे : सायंदेव, त्यांचे पुत्र नागनाथ, नागनाथांचे देवराव, देवरावांचे गंगाधर आणि गंगाधरांचे सरस्वती. मातेचे नाव चंपा, हेही तो नोंदवतो. मातेच्या पित्याचाही उल्लेख करतो. शाखा, गोत्र, आडनाव सारे सांगतो. एका लहान खेड्याशी नाते सांगणाऱ्या घराची पाच पिढ्यांची नोंद अशी अक्षरबद्ध झाली. आपण ज्याला कौटुंबिक इतिहास म्हणतो आणि केसपेपरवर दोन ओळींत उरकतो, तोच येथे घराघरांतून पारायणात वाचला जातो. कडगंचीत आज सायंदेवांच्या स्मृतीचे दत्तस्थान आहे आणि ग्रंथाची मूळ पोथी येथे होती अशी भाविकांची श्रद्धा आहे.

परंतु गाव म्हणजे एक घराणे नव्हे. त्याच काळात तेथे नांगर धरणारे, घाण्यावर बसणारे, मडकी घडवणारे, चामडे कमावणारे, मेंढरे राखणारे लोक होते. त्यांच्या पिढ्या पोथीत आल्या नाहीत. त्यांची आठवण ठेवण्याची व्यवस्था वेगळी होती. उत्तर कर्नाटकात आणि दक्षिण महाराष्ट्रात हेळवी नावाचा समाज आहे. बैलावर बसून गावोगाव फिरायचे, शेतकरी कुळांच्या दारात उभे राहून त्यांची वंशावळ म्हणून दाखवायची, नव्या जन्मांची भर घालायची आणि सुगीतले धान्य घ्यायचे, हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. सरकारी जनगणना सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली ही एक लोकगणतीच होती. तीत गावाबाहेर गेलेली शाखाही मोजली जात असे, कारण हेळवी तिच्याही दारात जात असे. आज हा व्यवसाय मावळत चालला आहे आणि त्याची जागा घेणारे काही आपण उभे केलेले नाही.

आकड्यांतून दिसणारा भूतकाळ

निजामाच्या हैदराबाद संस्थानात पहिली शिरगणती १८८१ मध्ये झाली. तेव्हा गुलबर्गा जिल्हा या संस्थानात होता. त्यानंतरचे आकडे वाचताना वैद्यकीय माणसाची बोटे आपोआप दोन ठिकाणी थांबतात. संस्थानाची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे १ कोटी १५ लाख होती, ती १९०१ मध्ये १ कोटी ११ लाखांवर आली. पुन्हा १९११ मध्ये ती सुमारे १ कोटी ३४ लाख झाली आणि १९२१ मध्ये १ कोटी २५ लाखांच्या खाली उतरली. पहिल्या उतारामागे १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ आहे. दुसऱ्यामागे प्लेग, अवर्षण आणि मुख्यतः १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आहे. ही साथ तरण्याताठ्या माणसांना, त्यातही गरोदर स्त्रियांना अधिक घेऊन गेली, हे जगभर नोंदले गेले आहे. म्हणजे तिने केवळ माणसे नेली असे नाही. पुढील काही वर्षांत जन्मू शकली असती ती लेकरेही नेली.

तिसरी जखम १९४८ ची. आधी रझाकारांचे अत्याचार आणि त्यानंतर, १७ सप्टेंबर १९४८ च्या संस्थानविलीनीकरणाच्या पाठोपाठ, मुस्लीम वस्तीवर झालेले हल्ले, अशा दोन्ही यातना या भागाने सोसल्या. केंद्र शासनाच्या सद्भावना मंडळाने, म्हणजे पंडित सुंदरलाल समितीने, उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसल्याचे नमूद केले आणि मृतांची संख्या २७ हजार ते ४० हजारांच्या दरम्यान असावी असा अंदाज दिला. वृद्ध रुग्ण आपले वय सांगताना 'पोलीस ॲक्शनच्या साली मी एवढा होतो' असे हात जमिनीपासून उंच धरून दाखवतात, तेव्हा त्या मोजमापामागे काय काय आहे याचे भान ठेवावे लागते.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. हैदराबाद राज्याची वाटणी होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात आला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे बीदर जिल्ह्यातील तालुके महाराष्ट्राच्या बाजूला गेले. भालकी, औराद, हुमनाबाद कर्नाटकात राहिले. माणसे जागची हलली नाहीत, सीमा हलली. मामाचे गाव एका राज्यात आणि काकाचे दुसऱ्यात, ही स्थिती या परिसरातील असंख्य कुटुंबांची झाली. तेव्हापासूनचा सीमाप्रश्न न्यायालयात आहे. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. रुग्ण कोणत्या राज्याचा, हे नाडी पाहताना कळत नाही.

आकडे वाचताना एक सावधगिरी मात्र अवश्य सांगावीशी वाटते. गुलबर्गा जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३१,३०,९२२ होती आणि २०११ मध्ये ती २५,६६,३२६ अशी दिसते. हे दोन आकडे शेजारी ठेवले, तर दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे नाहीशी झाली असे वाटेल. प्रत्यक्षात डिसेंबर २००९ मध्ये यादगिरी हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि त्याची २०११ ची लोकसंख्या ११,७४,२७१ होती. दोन्हींची बेरीज ३७ लाख ४० हजारांवर जाते. म्हणजे घट दिसते तेथे खरी वाढच झाली आहे. रक्तातील घटकांचा अहवाल वाचताना आपण आधी एकक पाहतो. लोकसंख्येचा अहवाल वाचताना आधी सीमा पाहावी.

एका उंबरठ्याआड तीन भाषा

गुरुचरित्राच्या पोथीत काही कानडी पदे आहेत, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मराठी ओव्यांमध्येच ती येतात आणि पारायण करणारा पुण्या-मुंबईचा भाविकही ती जमेल तशी म्हणतो. कडगंचीच्या परिसराचे याहून नेमके चित्र मिळणे कठीण आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात हुमनाबादजवळ माणिकप्रभूंनी मराठी, कानडी आणि हिंदुस्थानी अशा अनेक भाषांत पदरचना केली. निजामी राजवटीत सरकारदरबारी उर्दू आली. आजही शेताच्या उताऱ्याला येथे 'पहाणी' म्हणतात. 'माली पाटील' आणि 'पोलीस पाटील' ही पदे गेली, पण त्यांची आडनावे झाली.

दवाखान्यात याचा प्रत्यय रोज येतो. आई मुलाशी कानडीत बोलते, सासूशी मराठीत आणि औषधाच्या दुकानात दखनी उर्दूत. तांड्यावरून आलेल्या बाईची स्वतःची लंबाणी भाषा असते आणि या तिन्हींशी तिचा परिचय असतो. मुलाच्या बोलण्याला उशीर होतो आहे का, हे ठरविताना मी प्रथम घरात कोणकोणत्या भाषा कानावर पडतात ते विचारतो, कारण दोन भाषांतील शब्द एकत्र मोजल्याशिवाय अशा लेकराचा शब्दसंग्रह कळत नाही. अनेक भाषा कानावर पडल्याने बोलणे बिघडते, ही समजूत शास्त्राला धरून नाही. म्हणून मराठी घरातील मातांना मी सांगत आलो आहे की, शाळा कानडी असो वा इंग्रजी, घरातील मराठी बंद करू नका. आजीच्या ओव्या ऐकून कोणाचेही लेकरू मागे पडल्याचे मी पाहिलेले नाही.

जनगणनेच्या तक्त्यात मात्र ही श्रीमंती पातळ होते. लंबाणी किंवा बंजारा बोली तेथे हिंदीच्या गटात घातली जाते. त्यामुळे हिंदी कधीही न बोललेली तांड्यावरची आजी कागदावर हिंदीभाषक ठरते. दुसरीकडे, २०११ च्या प्रश्नावलीत मातृभाषेव्यतिरिक्त येणाऱ्या आणखी दोन भाषा नोंदविण्याची सोय होती. ही सोय फार थोड्यांना ठाऊक असते. मातृभाषा मराठी सांगून कानडी आणि उर्दूही नोंदवता येते. असे सांगितल्याने कोणाचे काही उणे होत नाही आणि घराचे खरे चित्र कागदावर उमटते.

प्रेअरीवरून मिळणारा धडा

कॅनडातील सस्कॅचेवान प्रांताचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. तेथील गावे आपल्या गावांसारखी पुरातन नव्हेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रेल्वे जसजशी पुढे सरकली, तसतशी दर आठ-दहा मैलांवर ठाणी पडली, कारण घोडागाडीतून गहू आणून शेतकऱ्याला त्याच दिवशी घरी परतता यावे. ठाण्याशेजारी धान्याचे उंच कोठार, एक शाळा, एक प्रार्थनामंदिर आणि टपालघर एवढ्यावर गाव उभे राहिले. १९३१ मध्ये या प्रांताची लोकसंख्या ९ लाख २१ हजारांवर होती. मग १९३० च्या दशकातील अवर्षण आले, पुढे यंत्रे आली, शेते मोठी झाली, रेल्वेचे फाटे बंद झाले. आज तेथे शंभराहून कमी वस्तीची अनेक गावे आहेत. शाळा गेली की तरुण कुटुंबे जातात, आणि तरुण कुटुंबे गेली की शाळा परत येत नाही.

आपल्या व्यवसायाला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट याच भूमीत घडली. पहिल्या महायुद्धाच्या आरंभकाळात सार्निया नावाच्या तेथील एका ग्रामीण मंडळासमोर प्रश्न उभा राहिला की, डॉक्टर गाव सोडून जाण्याच्या बेतात आहे. गावकऱ्यांनी सार्वजनिक निधीतून त्याला वार्षिक १,५०० डॉलर मानधन देऊ केले आणि डॉक्टर राहिला. १९१६ मध्ये कायद्याने अशा मंडळांना डॉक्टरसाठी कर बसविण्याची मुभा मिळाली. त्याच प्रांतात १ जुलै १९६२ रोजी सर्वांसाठी वैद्यकीय विमा योजना सुरू झाली. त्या वेळी तेथील डॉक्टरांनी २३ दिवस संप केला होता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ओसाड पडू पाहणाऱ्या खेड्यातील शेतकऱ्यांनी जे सुरू केले, ते पुढे साऱ्या देशाने स्वीकारले.

कडगंची अर्थातच ओसाड पडलेली नाही. उलट, २००९ च्या कायद्याने कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ स्थापन झाले, आरंभी ते गुलबर्ग्यातून चालले आणि पुढे कडगंचीच्या माळावर त्याचा विस्तीर्ण परिसर उभा राहिला. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून मुले-मुली तेथे शिकायला येतात. २०१२ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या ३७१ (जे) कलमामुळे या विभागातील मुलांना शिक्षणात आणि नोकरीत राखीव संधी मिळाली. पोथीत ज्या गावाचे एक घराणे नोंदले गेले, त्या गावच्या शिवारात आता देशभरची आडनावे हजेरीपटावर आहेत. प्रश्न एवढाच की, विद्यापीठाच्या भिंतीबाहेर गावातील आणि तांड्यांवरील मुलांपैकी किती त्या हजेरीपटावर पोचतात.

फेब्रुवारीतले रिकामे अंगण

आता मूळ मुद्द्याकडे येतो. गेल्या पन्नास वर्षांत या गावांतील लेकरांचे भाग्य निःसंशय उजळले. १९७१ मध्ये भारतात जन्मणाऱ्या दर हजार बालकांमागे १२९ बालके वर्षाच्या आत दगावत; २०२० मध्ये हे प्रमाण देशात २८ आणि कर्नाटकात १९ वर आले. देवीचा अखेरचा रुग्ण १९७५ मध्ये, पोलिओचा २०११ मध्ये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत कर्नाटकातील एकूण जननदर १.७ आढळला. पूर्वी सहा बाळंतपणे होऊन तीन लेकरे हाती लागत. आता दोनच होतात आणि दोन्ही जगतात, असे एखादी अव्वा सहज सांगून जाते. लोकसंख्याशास्त्राचा मोठा सिद्धान्त याहून फार वेगळा नाही.

तरीही एक वर्ग असा आहे, जो या प्रगतीच्या कडेला उभा आहे. या भागातील तांड्यांवरून आणि वस्त्यांवरून दिवाळीनंतर माणसे बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कोणी ऊसतोडीला जातो, कोणी मुंबई-पुण्याच्या बांधकामावर, कोणी हैदराबादेला. लहान लेकरे बरोबर जातात, कारण त्यांना सोडणार कोणाजवळ? परत येतात ती उन्हाळ्यात. गोवराची दुसरी मात्रा राहिलेली असते, वजन घटलेले असते, लसीचे कार्ड कोठल्या तरी खोपीत राहिलेले असते. मार्च २०२० मध्ये भारतातील पहिल्या कोरोना मृत्यूची नोंद कलबुर्गीत झाली आणि त्यानंतरच्या टाळेबंदीत हीच माणसे हजारोंच्या संख्येने परतली. या मुलखाची किती माणसे बाहेर आहेत, हे त्या दिवसांत पहिल्यांदाच सर्वांच्या डोळ्यांना दिसले.

जनगणनेचा नियम असा की, गणनेच्या काळात जो थोडा वेळही आपल्या नेहमीच्या घरी असतो तो तेथे मोजला जातो. जो संपूर्ण काळ बाहेर असतो तो जेथे सापडेल तेथे. ही गणना फेब्रुवारीत होते. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडली आणि पुढील जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ अशी जाहीर झाली आहे. फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा भर हंगाम. तांड्यावरच्या अंगणात तेव्हा म्हातारी माणसे आणि कोंबड्या असतात. फडावरच्या खोपीत गणक पोचला, तर ही कुटुंबे दुसऱ्याच जिल्ह्याच्या खात्यावर जातात. न पोचला, तर कोठेच नाहीत.

याने काय बिघडते, असे कोणी विचारील. मैदानी भागात ५ हजार वस्तीमागे एक उपकेंद्र, ३० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ४०० ते ८०० वस्तीमागे एक अंगणवाडी असे आपले निकष आहेत. पोषण आहाराचे धान्य, लसींचा साठा, शिक्षकांची पदे यांचा हिशेब शेवटी लोकसंख्येच्या आकड्यापाशीच येतो. फेब्रुवारीत न मोजलेले मूल जूनमध्ये अंगणवाडीच्या दारात येते तेव्हा त्याच्या वाट्याचा घास मंजूरच झालेला नसतो.

पल्स पोलिओच्या मोहिमेने याला एक उत्तर दाखवून दिले होते. घरोघर जाणारे कार्यकर्ते प्रत्येक दारावर खडूने खूण करीत. सर्व लेकरांना डोस मिळाला तर एक खूण, एखादे राहिले तर दुसरी, आणि दुसरी खूण असलेल्या घरी पुन्हा जायचे. वीटभट्ट्या, बांधकामे, उसाचे फड, बसस्थानके येथील फिरत्या लेकरांसाठी वेगळी पथके होती. मूल कोणत्या गावचे, हा प्रश्न दुय्यम ठरला. मूल समोर आहे की नाही, एवढेच पाहिले गेले. हेळवी करीत असत त्या गणतीच्या अगदी जवळ जाणारी ही रीत होती.

आपण काय करू शकतो

आपल्या मंडळाच्या सभासदांची संख्या मर्यादित आहे. परंतु रोज आपणां सर्वांच्या दवाखान्यांत मिळून या परिसरातील जितकी गावे येतात, तितकी दुसऱ्या कोणत्याही कचेरीत येत नसतील. म्हणून काही अल्प सूचना नम्रपणे मांडतो.

केसपेपरवर पत्त्याच्या रकान्यात केवळ 'कडगंची' किंवा 'आळंद तालुका' न लिहिता वाडी किंवा तांड्याचे नाव, आईचे माहेर आणि घरातील भाषा यांची नोंद करावी. यास अर्धा मिनिट लागतो. आनुवंशिक विकारांच्या निदानात तिचा उपयोग होतो. नात्यातील विवाहांचे प्रमाण आपल्या भागात पुष्कळ आहे, हे आपणां सर्वांना विदित आहेच.

लसीकरणाच्या कार्डाची मोबाइलवर छायाप्रत काढून ठेवण्यास प्रत्येक स्थलांतरित पालकाला सांगावे आणि ती काढूनही द्यावी. 'बाहेर कधी जाणार?' हा प्रश्न 'ताप कधीपासून?' इतकाच नित्याचा व्हावा, म्हणजे लसींच्या तारखा त्यानुसार आखता येतील.

जनगणनेपूर्वी पालकांना दोन गोष्टी समजावून सांगाव्यात. जेथे असाल तेथे गणकाला स्वतःहून गाठा आणि लहानातील लहान लेकराचेही नाव सांगा. भाषेच्या प्रश्नाला जे खरे असेल तेच उत्तर द्या, आणि इतर दोन भाषांचा रकाना असल्यास तोही भरून घ्या. ज्या गावांत राशीच्या आणि ऊसतोडीच्या हंगामात वस्ती रिकामी होते, त्यांची माहिती गणनेच्या यंत्रणेला लेखी कळविणे, हे काम मंडळाने सामूहिकरीत्या हाती घ्यावे.

आणि शेवटची सूचना इतिहासाची. ज्यांना शक्य असेल त्यांनी एक गाव निवडावे आणि तेथील ऐंशीच्या पुढच्या माणसांकडून त्यांच्या घरांच्या चार-पाच पिढ्यांची नावे, आयांची नावांसह, लिहून घ्यावीत. साखरे घराण्याची नावे एका पुत्राने लिहून ठेवली म्हणून सुमारे पाच शतके टिकली. कुंभाराच्या, धनगराच्या, तांड्यावरच्या नायकाच्या घरची नावेही तितकीच लिहिण्यायोग्य आहेत, आणि ती सांगू शकणारी माणसे आपल्याकडे रक्तदाबाची गोळी न्यायला दर महिन्याला येत असतात. पुढच्या खेपेस त्यांना पाच मिनिटे अधिक बसवून घ्यावे.